आमच्या गावची 41 हेक्टर झुडपी आणि निस्तार पत्रक: 15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी मदत हवी

बोडीकाठ | 3 ऑगस्ट 2025

नमस्कार मंडळी. मी नागभीड तालुक्यातल्या एका गावची. विषय अजून निकाली निघायचा आहे, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. दोनदा ग्रामपंचायत सदस्य होते, आता नाही. घरची चार एकर धानाची शेती आहे.

गेल्या महिन्यात रोवणी ऐन भरात असताना तालुक्याला एक बैठक झाली. आमच्या आणि शेजारच्या गावांच्या जमिनीचा पुढचा आराखडा दाखवायचा होता. सूचना कार्यालयाच्या फलकावर लागली होती, गावात दवंडी नाही. बाया पऱ्हे उपटत चिखलात, गडी नांगरावर. गावातून नऊ जण गेले, त्यात मी एकटी बाई.

भिंतीवर रंगीत नकाशा होता. गावाच्या उत्तरेला जी 41 हेक्टर झुडपी, म्हणजे झुडपं आणि गवत असलेली सरकारी जमीन, आहे ती सगळी एकाच हिरव्या रंगात रंगवून वर लिहिलं होतं 'प्रस्तावित वनीकरण'. रस्त्याला लागून एक तपकिरी तुकडा 'सार्वजनिक प्रयोजन' म्हणून सोडलेला. आमची बोडी, म्हणजे गावचं छोटं तळं, नकाशात नाही. देवाची जागा नाही. ढोरांचा रस्ता नाही. आमच्या गावचा गायकी, म्हणजे ढोरं चारणारा, सोबत होता, त्याने विचारलं, "साहेब, ढोरं कुठून जातील?" उत्तर मिळालं की हरकत असेल तर लेखी द्या. त्याला लिहिता येत नाही. गेली पस्तीस वर्षं तो रोज त्या जमिनीवर चालतो, तिथला प्रत्येक दगड त्याच्या ओळखीचा आहे, आणि त्या खोलीत त्याच्या तोंडी बोलण्याची नोंद झाली नाही. मला त्या दिवसापासून झोप लागत नाही.

बाहेरच्या माणसाला ही जमीन ओसाड वाटते. पळस, खैर, बोर, मधे मधे कुसळीचं गवत, नाल्याच्या काठाने शिंदी. शिंदीचे फडे, म्हणजे झाडू, बांधून आमच्यातल्या सात-आठ घरांचा उन्हाळा निघतो. श्रावणात सात्या, म्हणजे रानातली अळंबी, निघतात, त्याआधी तरोट्याची भाजी. बोडीवर ढोरं पाणी पितात, आणि रात्री दुसरेही पितात. 2018 साली घोडाझरी अभयारण्य जाहीर झालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या नाल्याच्या रेतीत पंजाचे ठसे दिसतात. वाघ आमच्या झुडपीत राहत नाही, तो तिथून जातो. कोणत्या महिन्यात, कोणत्या वळणाने, हे गायक्याला ठाऊक आहे.

गावात तीन मतं आहेत. पोरांना पोलीस भरतीच्या सरावासाठी मैदान पाहिजे. काही जण म्हणतात झाडं लागली तर चांगलंच आहे, रोजी मिळेल. म्हाताऱ्यांना जसं आहे तसंच राहायला पाहिजे. मला वाटतं आधी गावाने आपला नकाशा आपण काढावा, मग कोणाशीही बोलावं. पण कायद्यात याला काही आधार आहे का? 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव कशाचा घ्यायचा?

जुनी_मिसल | 3 ऑगस्ट 2025

ताई, माझी नोकरी महसूल खात्यात गेली, त्यातली बरीच वर्षं अभिलेख कक्षात. आधार आहे, आणि तो विदर्भाचाच आहे.

1951 साली मालगुजारी संपली तेव्हा मालगुजाराच्या ताब्यातली पडीक, चराईची, झुडपं असलेली जमीन सरकारात आली. गावाच्या गरजा मात्र तशाच राहिल्या: ढोरं चारणं, सरपण, घराला माती-मुरूम, मयताची जागा. या गरजा कोणत्या जमिनीवर आणि कशा भागवायच्या याचा कागद म्हणजे निस्तार पत्रक. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 उघडा. कलम 160 म्हणतं की पुढची 161 ते 167 ही कलमं विदर्भाला लागू आहेत. म्हणूनच पुण्याकडच्या अधिकाऱ्याला कधी कधी हा शब्दच नवीन असतो.

कलम 161 नीट वाचा. गावातल्या भोगवट्यात नसलेल्या सगळ्या जमिनीच्या व्यवस्थेची योजना म्हणजे हे पत्रक. त्याचा मसुदा गावात प्रसिद्ध करायचा, गावकऱ्यांची इच्छा जाणून घ्यायची आणि त्यानंतरच जिल्हाधिकाऱ्यांनी तो अंतिम करायचा. पुढे ग्रामपंचायतीने विनंती केली तर चौकशी करून नोंद बदलताही येते. कलम 163 मध्ये शेतीच्या ढोरांची मोफत चराई आणि घरगुती वापराच्या वस्तू येतात. वाजिब-उल-अर्ज हा दुसरा कागद, कलम 165 चा. वहिवाटीचे रस्ते, पाणी, मासेमारी यांचे रिवाज त्यात लिहिलेले असतात. दोन्हीच्या नकला मागा. सरळ मिळाल्या नाहीत तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. जुनी बंदोबस्त मिसल, म्हणजे बंदोबस्ताच्या वेळचे गावच्या जमिनीचे जुने कागद, आणि गावनकाशाही मागा.

आता अडचण. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 ला निकाल दिला की पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांतली झुडपी जमीन ही वनच समजायची. सुमारे 86 हजार हेक्टरचा प्रश्न आहे. 12 डिसेंबर 1996 च्या आधी सक्षम अधिकाऱ्याने जी जमीन घरांसाठी, शाळांसाठी वगैरे दिली होती ती नियमित करून घ्यायचा मार्ग राज्याला ठेवला आहे, पण इथून पुढे झुडपी म्हणजे वन. त्यामुळे एकट्या जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात आता सगळं राहिलेलं नाही, आणि पोरांचं मैदानही त्या जमिनीवर सहजासहजी होणार नाही.

बोडीकाठ | 3 ऑगस्ट 2025

काका, खूप आभार. पण मग वन झाल्यावर निस्तार संपला का?

जुनी_मिसल | 4 ऑगस्ट 2025

नाही, आणि हेच लोकांना सांगायचं राहून जातं. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या कलम 3(1)(ख) मध्ये सामूहिक हक्कांत 'निस्तार' हा शब्द नावानिशी आहे, मग तो कोणत्याही नावाने ओळखला जात असो. त्याच कलमातलं (झ) गावाला आपल्या सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करायचा हक्क देतं. म्हणजे काल जो कागद महसुली होता, तोच आज वनहक्काच्या दाव्याचा पुरावा झाला. एकाहून जास्त पुरावे लागतात. म्हाताऱ्या माणसांचं लेखी घेतलेलं निवेदन हाही नियमांत धरलेला पुरावा आहे, म्हणून गायक्याचं आणि आजीबाईंचं बोलणं आजच लिहून घ्यायला लागा.

एक अट लक्षात ठेवा. आदिवासी नसलेल्यांना 13 डिसेंबर 2005 च्या आधीच्या तीन पिढ्यांचं, म्हणजे 75 वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. तिथेही मिसल कामी येते.

रानवाट_नागपूर | 4 ऑगस्ट 2025

मी उन्हाळ्यात पाणवठ्यावरच्या वन्यप्राणी गणनेला जाते, दहा-बारा वर्षं झाली. ताईंची तळमळ पोचली, पण माझी भीतीही तितकीच खरी आहे, ती मांडते.

2019 साली टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक तरुण वाघ रेडिओ कॉलरसह वावरं, नाले, हमरस्ते ओलांडत, वाटेत तेलंगणात जाऊन, 1300 किलोमीटरच्या वर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तो चालला कुठून? अशाच झुडपीतून, ई-क्लासमधून (म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीतून), पडीक तुकड्यांतून. राखीव जंगलाच्या सीमा त्याच्यासाठी पुरेशा नाहीत. असा एक तुकडा मधून गेला की पुढचा वाघ गावात शिरतो आणि मग माणूसही मरतो, वाघही. ब्रह्मपुरीकडच्या बातम्या आपण सगळेच वाचतो.

ग्रामसभेत बहुमताने ठरवायचं म्हटलं तर वाघाच्या बाजूने हात कोण वर करणार? ज्याच्या घरचं माणूस गेलं आहे त्याने का करावा, हेही मला कळतं. म्हणूनच काही निर्णय गावाच्या वरच्या पातळीवर व्हायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

वऱ्हाडी_वावर | 4 ऑगस्ट 2025

आमच्या वऱ्हाडात झुडपी नाही, ई-क्लास हाय. मी अकोला जिल्ह्यातला. माह्या लहानपणी गावाभोवती माळ होता, गवत कमरेएवढं. बुढा सांगे का पावसाळ्यात तणमोर उडे, गवतातून वर उसळून खाली बसे. म्या सोता एकदाच पायला. आता तो माळ कुठी गेला? थोडा अतिक्रमणात, थोडा मुरमात, बाकीच्यात रांगीनं झाडं लावली, ती जगली नाही. गवत बी गेलं.

रानवाट ताई, वरच्या पातळीवर ठरलं म्हणूनच तं हे झालं. कागदावर तो माळ 'पडीक' होता. पडीक म्हटलं का कोणीबी काहीबी कराले मोकळा. गावानं बी वाचवला नाही, हे बी मी कबूल करतो. गावाले त्याचं मोल कोणी इचारलं नाही, अन् गावानं बी आपून होऊन सांगतलं नाही.

पण अचलपूर तालुक्यातलं पायविहीर पाहा. 2012 साली 192 हेक्टरचा सामूहिक वनहक्क भेटला त्याईले. उजाड टेकडी होती. चराईचे नेम गावानं लावले, पाणी अडवलं. आता तिथलं सीताफळ बाहेर इकाले जाते. बहुमतात वाघ हारतेच असं नाही.

लेखामार्गे | 5 ऑगस्ट 2025

धानोऱ्याहून लिहितो आहे. आमच्या शेजारचं मेंढा हे गाव अनेकांना 'आमच्या गावात आम्हीच सरकार' या घोषणेमुळे माहीत असतं. तिथे रोज जाणं-येणं असलेल्या माणसाला दिसतं ते वेगळंच. तिथे बहुमत नाहीच. निर्णय सर्वसहमतीने होतो. एक माणूस जरी नाही म्हणाला तरी विषय पुढच्या बैठकीला जातो. आणि बैठकीच्या आधी अभ्यासगट असतो, त्यात बाहेरचे जाणकारही बसतात. बोलतात, पण ठरवत नाहीत. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही पद्धत कित्येक वर्षं चिकाटीने चालवली. सुमारे 1800 हेक्टरचा हक्क 2009 साली मिळाला, आणि बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी त्यानंतरही भांडावं लागलं. एप्रिल 2011 मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडलं. हक्काचा कागद मिळाल्यावरही दोन वर्षं. बोडीकाठ ताई, एवढी तयारी ठेवा.

रानवाट यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून पाचगाव सांगतो, तुमच्याच चंद्रपूर जिल्ह्यातलं, गोंडपिपरी तालुक्यात. 2012 मध्ये त्यांना हजारेक हेक्टर मिळालं. त्यांनी बसून स्वतःचे नियम लिहिले. तेंदूपत्त्याचा हंगाम म्हणजे आमच्याकडे वर्षाच्या रोख पैशाचा मोठा भाग, तो त्यांनी सोडून दिला, कारण पानांसाठी झाडं छाटली जातात, आगी लागतात, आणि तेंदूचं, म्हणजे टेंभुर्णीचं, फळ माणसालाही मिळत नाही, पाखरालाही नाही. उत्पन्न बांबूवर ठेवलं. जंगलाचा एक तुकडा देवराई म्हणून काहीही न काढता राखला. हे कोणत्याही अधिकाऱ्याने सांगून झालेलं नाही. सांगितलं असतं तर झालं नसतं, असं माझं मत आहे.

रानवाट_नागपूर | 5 ऑगस्ट 2025

पाचगावचं तेंदूपत्त्याचं मला माहीत नव्हतं. विचार करायला लावणारं आहे. तरी प्रत्येक गाव मेंढा नसतं.

नवीवस्ती | 5 ऑगस्ट 2025

मी बहुतेक वाचत असतो, लिहीत नाही. आज लिहितो. माझं गाव एका व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात होतं, आता ते रिठी, म्हणजे उठून गेलेलं ओसाड गाव, झालं आहे. आम्ही बाहेर आलो तेव्हा कुटुंबामागे 10 लाखांचं पॅकेज होतं, 2021 पासून ते 15 लाख आहे.

वन्यजीव कायद्यात 2006 साली जे कलम 38(व्ही) आलं त्यात स्पष्ट आहे की पुनर्वसन ऐच्छिक हवं, ग्रामसभेची आणि कुटुंबाची माहितीपूर्ण संमती हवी. बफरची, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्याची, हद्द ठरवतानाही ग्रामसभेशी सल्लामसलत हवी. संमती आमचीही झाली, सह्या आहेत. पण बोलणं सुरूच झालं पैशाच्या आकड्यापासून. आम्हाला कोणी विचारलं नाही की तुमची ढोरं किती, ती कुठे चरतील, तुमच्या बाया मोहफुलं कुठून आणतील. नव्या वस्तीला शाळा जवळ आहे, दवाखाना जवळ आहे, रात्री भीती नाही, हे मी नाकारत नाही. माझी पोरगी बारावी झाली, जुन्या गावात झाली नसती. पण पहिल्याच उन्हाळ्यात बाबाने चाळीस ढोरं विकली, कारण चराईला जागाच नव्हती. त्यानंतर तो फार बोलला नाही.

जमीन ठरवताना विचारणं म्हणजे हो किंवा नाही विचारणं नव्हे. काय काय लागतं ते विचारणं. ताई, तुमच्या नकाशात ढोरांचा रस्ता आधी काढा.

बोडीकाठ | 5 ऑगस्ट 2025

दादा, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. ढोरांचा रस्ता आधी काढीन, शब्द देते.

बीट_सात | 6 ऑगस्ट 2025

मी वनरक्षक होतो, निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं सांगतो, कोणाला लागलं तर माफ करा.

झुडपीत खड्डे खणून ओळीने रोपं लावायचं काम मीही करून घेतलं आहे. लक्ष्य यायचं, आकडा गाठायचा असायचा. उघड्या झुडपीत, गवताच्या जमिनीवर, दाट जंगल उगवत नाही. ती जमीनच वेगळी आहे. तिथे लांडगा राहतो, खोकड राहते, तडस नाल्याच्या कपारीत पिल्लं घालते, तितर-लाव्यांची अंडी गवतात असतात. खड्डे खणले की गवताची मुळं उपटली जातात, कुंपण केलं की जनावराची वाट तुटते. झाडं लावण्याला विरोध केला की लोक आपल्याला निसर्गाचे वैरी समजतात, म्हणून खालचा कर्मचारी बोलत नाही. मे महिन्याच्या त्या निकालात एक चांगली गोष्ट आहे: पर्यायी वनीकरणासाठी, म्हणजे दुसरीकडे गेलेल्या वनाच्या बदल्यात झाडं लावायला, सहजासहजी झुडपी वापरता येणार नाही. दुसरी बिगरवन जमीन उपलब्ध नाही असं मुख्य सचिवांचं प्रमाणपत्र लागेल. तुमच्या नकाशावरचं 'प्रस्तावित वनीकरण' नेमकं कोणत्या योजनेतलं आहे, ते लेखी विचारा. सगळं त्यावर अवलंबून आहे.

आता गावाची बाजू. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली आग लावतात, ती पसरते. हे मी शंभर वेळा विझवलं आहे. शिंदी मुळापासून तोडतात. बाहेरगावचे कळप पैसे घेऊन चारतात. हे नियमांत आणलं नाही तर तुमचा नकाशा नुसता कागद राहील.

नकाशा काढायची रीत सांगतो. एका दिवसात होत नाही. गायकी, फडे बांधणाऱ्या बाया, ढिवर (मासेमार) असतील तर ते, आणि एक-दोन पोरं मोबाईलवर जागा नोंदवायला, एवढी माणसं घेऊन शिवार फेरी करा. पावसाळ्यात एकदा, दिवाळीनंतर एकदा, जमलं तर मार्चमध्ये. प्रत्येक ठिकाणी विचारा: इथे कोण येतं, कधी येतं, काय नेतं? माणूस आणि जनावर दोघांसाठी तेच तीन प्रश्न. पाण्याची जागा, बसायची जागा, जायची वाट. जमिनीवर फक्कीने आखून घ्या, म्हणजे लिहिता न येणाराही चूक दाखवू शकतो. कागदावर नंतर उतरवा.

पांदणरस्ता | 6 ऑगस्ट 2025

बीट सात, हे सगळ्यात उपयोगी. आम्ही 'लोक जैवविविधता नोंदवही', म्हणजे गावातल्या झाडं-जनावरांची नोंद, करताना अशीच फेरी केली होती. 2002 च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असतेच, बहुतेक ठिकाणी ती कागदावर आहे. बोडीकाठ ताई, तुमच्या पंचायतीची नोंदवही आहे का बघा. असली आणि त्यात बोडी, शिंदी, तडसाची कपार लिहिलेली असली, तर तो तुमच्या हाती आधीच असलेला सरकारी कागद आहे.

जुनी_मिसल | 6 ऑगस्ट 2025

रानवाट यांच्यासाठी एक. गाव आणि वन्यजीव दोघांना धरणारी वाट कायद्यात आहे. वन्यजीव कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने 36(अ) आलं, त्याला संवर्धन राखीव म्हणतात. उद्यानं-अभयारण्यांना जोडणाऱ्या सरकारी जमिनीसाठीच ते आहे, स्थानिक लोकांशी विचारविनिमय केल्यावरच ते जाहीर करता येतं, आणि त्याच्या व्यवस्थापन समितीत प्रत्येक ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असतो. गडचिरोलीत रानम्हशींसाठी कोलामार्का 2013 साली तसं जाहीर केलं होतं. मी लगेच तेच करा म्हणत नाही, आधी वनहक्काचा दावा. पण पुढे हाही रस्ता आहे.

बोडीकाठ | 17 ऑगस्ट 2025

काय झालं ते सांगते.

14 तारखेला महिला सभा घेतली. दरवेळी ही सभा रजिस्टरात सह्या घेऊन संपते. यावेळी शाळेच्या व्हरांड्यात 62 बाया बसल्या आणि फक्कीने जमिनीवर झुडपी काढली. अर्ध्या तासात भांडण झालं, कारण बोडीच्या वरच्या अंगाला एका घराने कुंपण घातलं आहे आणि ती बाईही तिथेच होती. ती उठून गेली. मला वाईट वाटलं. संध्याकाळी तिच्या घरी गेले. ती म्हणाली, "तुम्ही नकाशा काढता म्हणजे मलाच काढता." माझ्याकडे उत्तर नव्हतं.

15 तारखेला ग्रामसभेला 130 लोक आले. नेहमीच्या ग्रामसभेला तेवढे पुरतात, पण वनहक्काच्या ठरावासाठी निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया. म्हणून त्यावर ठराव घेतला नाही. दोनच ठराव झाले: निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज आणि मिसलीच्या नकला मागायच्या, आणि शिवार फेरी होईपर्यंत झुडपीत एकही खड्डा खणू नये असं संबंधित कार्यालयाला कळवायचं. भरतीवाली पोरं रागावली होती. त्यांच्यातल्या दोघांना मोबाईलवर जागा नोंदवायचं काम दिलं.

लेखामार्गे | 17 ऑगस्ट 2025

कुंपणवाल्या ताईंना पुढच्या फेरीत सोबत घ्या. त्यांना सोडून काढलेला नकाशा गावाचा होणार नाही.

रानवाट_नागपूर | 18 ऑगस्ट 2025

दिवाळीनंतरच्या फेरीला मी येऊ का? ठसे, विष्ठा, झाडावरचे ओरखडे ओळखायला मदत करता येईल. ठरवणार तुम्ही, मी फक्त नोंदी करीन.

बोडीकाठ | 18 ऑगस्ट 2025

या ना ताई. माझ्याच घरी उतरा.

बोडीकाठ | 9 नोव्हेंबर 2025

उशीर झाला, धान कापणी सुरू आहे. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

निस्तार पत्रकाची नक्कल मिळाली. पिवळा पडलेला कागद, शाईचं अक्षर. त्यात आखर आहे, ढोरं बसायची जागा. मुरमाची खदान आहे. मुर्दे पुरण्याची जागा आहे. आमची बोडी गट क्रमांकासह आहे आणि पुढे लिहिलं आहे, 'ढोरांना पाणी पाजण्याकरिता'. शेजारच्या गावाला जाणारी जुनी वाट आहे, जी आता कोणी वापरत नाही. गायक्याला वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "हे तर मी साहेबाले सांगतच होतो."

चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजीचं निवेदन लिहून घेतलं. मालगुजाराच्या काळात चराईचे पैसे कसे द्यावे लागत, बोडी खोल करायला गाव कसं एकत्र आलं, सगळं सांगितलं. तिचा अंगठा घेतला.

फेरी दोनदा झाली. रानवाट ताई दुसऱ्या फेरीला तीन दिवस राहिल्या. वाघाची वाट नाल्याच्या पश्चिम काठाने आहे. गायक्याने दाखवली तिथेच त्यांना ठसे मिळाले. तडसाची कपारही सापडली, आत हाडं पडलेली. फेरीत कुंपणवाली ताई होती. तिने स्वतः दाखवलं की तिच्या कुंपणामुळे ढोरं नाल्यात उतरतात, म्हणजे थेट वाघाच्या वाटेवर. कुंपण अजून काढलेलं नाही. तिची दीड एकर सोडून दुसरी जमीन नाही, आणि अतिक्रमण म्हणून तिच्यावर बोट दाखवायला मी तयार नाही. तिच्या घराचा विषय वेगळा ठेवला आहे, अशी आणखी पाच घरं आहेत.

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावच्या जत्रेच्या, दुसऱ्या दिवशी खास ग्रामसभा घेतली, कारण मंडईला बाहेरगावी कामाला गेलेली माणसंही येतात. 540 पैकी 312 हजर, त्यात 147 बाया. सामूहिक दावा मंजूर करून पुढे पाठवायचं ठरलं. रक्षणासाठी समिती निवडली. नियम सध्या चारच आहेत: पश्चिम काठावर चराई नाही, दुपारी चारनंतर कोणी एकटं सरपणाला जायचं नाही, शिंदी मुळातून तोडायची नाही, बाहेरचे कळप नाहीत. आगीवर एकमत झालं नाही. मोहफुलांवर ज्यांचं वर्ष चालतं त्यांनी विचारलं की पालापाचोळा झाडून काढायचा वेळ कोण देणार. लेखामार्गे दादांचं ऐकून तो विषय मतदानाला टाकला नाही, पुढच्या बैठकीला ठेवला. मार्चच्या आत सुटायला हवा.

मैदान रस्त्याच्या कडेला, आबादीच्या, म्हणजे गावठाणाच्या, जमिनीवर करायचं ठरलं. तिथे उकिरडे आहेत, ते हलवायचे आहेत. पोरांनी दोन उचललेसुद्धा.

कार्यालयाकडून पत्र आलं आहे. या महिन्याच्या शेवटी बैठक आमच्याच गावात, शाळेत होणार आहे. वनीकरण कोणत्या योजनेतलं हे अजून लेखी मिळालेलं नाही.

नवीवस्ती | 9 नोव्हेंबर 2025

ढोरांचा रस्ता काढला का?

बोडीकाठ | 9 नोव्हेंबर 2025

सगळ्यात आधी काढला दादा. आखरापासून बोडीपर्यंत, पूर्व काठाने. गायक्याने पायाने चालून आखला, पोरांनी मागे मागे नोंदवला.

बीट_सात | 10 नोव्हेंबर 2025

बैठकीला नकाशाच्या तीन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. आणि गायक्याला बोलू द्या, सोबत एक जण त्याचं बोलणं शब्दशः लिहून घेणारा बसवा, शेवटी वाचून दाखवून त्याचा अंगठा घ्या. तोंडी सांगितलेलं लेखी झालं की ते हरकत म्हणून नोंदवावंच लागेल.

जुनी_मिसल | 10 नोव्हेंबर 2025

दाव्याचा मसुदा उपविभागीय समितीकडे जाण्याआधी मला दाखवा. गट क्रमांक जुने आणि नवे दोन्ही लिहिले आहेत का, एवढं आधी तपासा. तिथेच दावे अडकतात.

बोडीकाठ | 10 नोव्हेंबर 2025

फक्त जुने लिहिले आहेत काका. उद्या पटवाऱ्याकडे जाऊन नवे घेते आणि रात्री मसुदा पाठवते.